बटण्याच्या पोटातली कोय

मास्तरांच्या हातून कापड बिघडलेलं कुणी पाहिलं नव्हतं. बिघडत नव्हतं असं नाही. जन्मभर कात्री चालवणाऱ्याचा हात कधीतरी चुकणारच. पण मास्तरांची खरी कारागिरी चुकल्यानंतर सुरू व्हायची. कात्री बोटभर आत घुसली, की शर्टाचा खिसा बोटभर खाली यायचा. खांद्याला कापड कमी पडलं, की आतून जोडपट्टी लागायची, वरून दुहेरी शिलाई पडायची आणि तिलाच फॅशन म्हणायचं. गिऱ्हाईक आरशासमोर पोट आत घेऊन उभं राहायचं, खूश होऊन जायचं. "आतून कोण बघतंय," असं मास्तर म्हणायचे. त्यांची पाठ वळली, की शिवणारे कारागीर हेच वाक्य त्यांच्या आवाजात म्हणून हसायचे.

मालकाने दुकान विकलं, तेव्हा मास्तर गळ्यातल्या टेपसकट घरी आले. बायको त्याआधीच गेली होती. रिकाम्या घरात ते स्टोव्हवर चहा करून पीत आणि दिवसातून अनेकदा साखरेचा डबा उघडत. लेकीला हे कळलं आणि ती त्यांना आपल्याकडे घेऊन आली. जन्मभर ते उभ्याने काम करत आले होते. पायांनी त्याचा हिशेब ते बसल्यावर मागितला. साखर वाढलेली होती, एक जखम चिघळली आणि डाव्या पायाची करंगळी काढावी लागली. लेक रजा टाकून दवाखान्यात उशाशी बसून राहिली. तिने काही मागितलं नव्हतं. मास्तरांनी आपणहून शब्द दिला, की गोड बंद. सगळं बंद. आंबासुद्धा.

आंबासुद्धा म्हणताना त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं, हे लेकीने पाहिलं. त्या दिवसापासून तिने घरात आंबा आणणंच सोडलं. जावयाला आंब्याचं वेड होतं. त्यानेही आंबा सोडला.

घरात कुत्रा होता. मास्तर आले तेव्हा तो पिल्लू होता आणि त्याला कुणी कोणत्याही नावाने हाक मारत. त्याचं काळंभोर, गोल, चकचकीत नाक पाहून मास्तर म्हणाले, हे तर कोटाचं बटण. तेव्हापासून तो बटण्या. दुपारभर घरात हे दोघेच असत. मास्तर खुर्चीत, बटण्या त्यांच्या पायाशी, नेमका त्या उरलेल्या चार बोटांवर हनुवटी टेकून.

संध्याकाळी लेक कामावरून आली, की पर्स खाली ठेवायच्या आधी सुरी काढायची आणि फळं चिरायला बसायची. दोन ताटल्या. एक वडलांची, एक कुत्र्याची. दोघांचंही मोजूनमापून. सफरचंदाचा मधला भाग आणि बिया काढल्याशिवाय बटण्याच्या ताटलीत फोड पडायची नाही. कलिंगड असलं तर बी नाही, साल नाही. केळं दोन चकत्या, त्याहून जास्त नाही, पोट बिघडतं. हे सगळं तिला प्राण्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि ती ते जपासारखं पाळायची. मास्तरांना याची गंमत वाटायची. घरात जनावरं दोन आणि पथ्यं दोघांना, असं ते जावयाला म्हणत.

एकदा त्यांनी आपल्या ताटलीतलं द्राक्ष बटण्यापुढे धरलं. लेकीने ते त्यांच्या हातातून हिसकावूनच घेतलं.

"बाबा, द्राक्ष नाही. मनुकाही नाही. कुत्र्याचं मूत्रपिंड जातं त्याने."

"एका द्राक्षाने?"

"एकाने जाईल की दहाने, ते कुणालाच सांगता येत नाही. म्हणून एकही नाही."

मास्तर हसले. आमच्या वेळची कुत्री काय खायची ते त्यांचं त्यांनाही ठाऊक नसायचं, म्हणाले. लेक हसली नाही. आंब्याचं तिने तेव्हाच सांगून ठेवलं होतं: गर थोडा चालतो, साल नको, आणि कोय तर मुळीच नाही, ती आतड्यात अडकते. सांगून झाल्यावर तिच्याच लक्षात आलं असावं, की आपल्या घरात हे सांगायची गरज नाही. ती ताटल्या उचलून आत गेली. मास्तर खिडकीबाहेर बघू लागले. त्या क्षणी त्यांना बटण्याचा हेवा वाटला. त्याला निदान थोडा गर चालत होता.

उन्हं कलली, की मास्तर बटण्याला फिरवायला नेत. बस थांब्याजवळ फळवालीची गाडी लागायची. तिच्याकडे मोठ्या, देखण्या आंब्यांच्या मागे एका टोपलीत बारके, चोखायचे आंबे असत, सालीवर काळे ठिपके पडलेले, देठाशी चीक वाळलेले. पहिल्या दिवशी मास्तर नुसते वास घेऊन पुढे गेले. दुसऱ्या दिवशी हातात घेऊन पाहिला. नंतर फळवाली त्यांना लांबून बघूनच एक आंबा काढून ठेवू लागली.

पाण्याच्या टाकीमागे बागेत एक बाक होता. पुढे झुडपं, मागे भिंत. मास्तर तिथे बसून आंबा बोटांनी मऊ करत, देठ दाताने काढत आणि डोळे मिटून चोखत. चव जिभेवर येताच त्यांना आपण म्हातारे आहोत, आजारी आहोत, कुणाच्या तरी घरी राहतो, यातलं काही आठवत नसे. आंबा संपत आला, की सगळं परत येई. मग ते कोय बटण्यापुढे धरत. त्याची खरखरीत जीभ कोयीवरचा शेवटचा धागा पुसून काढी आणि कोय पांढरी पडली, की मास्तर ती बुटाच्या टाचेने वाफ्यातल्या मातीत दाबून टाकत. नळावर हात धुवायचे, मिश्या धुवायच्या, बटण्याचं तोंडही धुवायचं. दोघेही स्वच्छ होऊन घरी. कुत्रा बोलत नाही, याचं मास्तरांना मोठं सुख वाटायचं.

त्या दिवशी लेकीचं डोकं दुखत होतं म्हणून ती कामावरून लवकर निघाली आणि जवळची वाट म्हणून बागेतून आली. मास्तरांना झुडपांतून तिची लाल पर्स दिसली. कोय बटण्याच्या तोंडात होती. चाटता चाटता त्याने ती पूर्ण आत घेतली होती आणि लेकीचा वास लागताच शेपटी हलवत तो तिच्याकडे झेपावायला निघाला होता. आता तो धावणार, तिच्या पायांशी कोय टाकणार, लाडात येऊन दाखवणार.

मास्तरांनी पट्टा खेचला आणि उजव्या हाताने त्याचं तोंड मिटून धरलं.

लेक समोर येऊन उभी राहिली. काय करतंय हे, तिने विचारलं. काही नाही, माशी धरत होतं, मास्तर हसून म्हणाले. ती वाकून बटण्याच्या कानामागे खाजवू लागली. बटण्याने मान झटकली, पुढचे पाय मातीत रोवले, डोळे वर करून मास्तरांकडे पाहिलं. हात मात्र सुटला नाही. मग त्यांच्या तळव्याखाली काहीतरी वरून खाली सरकलं. जाड कापडाच्या आतून गाठ सरकावी तसं. हाताला ते कळलं. त्या हाताला कापडाचा एक धागा जास्तीचा गेला तरी कळायचा.

"हनुवटीला काय लागलंय तुमच्या?"

"चहा सांडला दुपारी," मास्तर म्हणाले आणि बाहीने हनुवटी पुसली.

घरी येऊन बटण्याने नेहमीसारखं खाल्लं. मास्तरांनी सुटकेचा निःश्वास टाकला. येईल बाहेर, त्यांनी स्वतःला सांगितलं, कुत्र्याचं पोट आहे, हाडं जिरवतं. पण दुसऱ्या दिवशी बटण्या ओकला. आधी अन्न, मग नुसतं पिवळं पाणी. मास्तर त्याला फिरायला नेत आणि त्याने कोपऱ्यात बसून कुंथून जे काही थोडं टाकलं असेल, ते इकडेतिकडे बघून काडीने उकरून पाहत. जन्मभर लोकांच्या अंगाची मापं घेतलेला माणूस कुत्र्याच्या विष्ठेवर वाकून बसला होता. खालच्या मजल्यावरची बाई जाताजाता म्हणालीही, काय मास्तर, काही हरवलं का. बटण पडलं शर्टाचं, ते म्हणाले.

मग बटण्या खाईनासा झाला. पाण्याजवळ जायचा आणि परत यायचा. पोटाला हात लावू देईना. लेकीने कोचाखाली केरसुणी घातली, तर एक सुरकुतलेलं द्राक्ष बाहेर आलं. जावई संध्याकाळी टीव्हीसमोर द्राक्षं खात बसायचा. लेकीने ते द्राक्ष तळहातावर घेऊन त्याच्यासमोर धरलं.

"किती पडली होती?"

"मला माहीत नाही गं. पडलं असेल एखादं."

"सांगून सांगून माझं तोंड दुखलं. एखादं म्हणे."

जावई उंचापुरा, सावकाश बोलणारा माणूस. त्याने एकदा द्राक्षाकडे पाहिलं, एकदा बटण्याकडे आणि खालीच बसला. बटण्याला रविवारी तोच आंघोळ घालायचा, स्वतः अर्धा भिजायचा. मास्तर खुर्चीत बसून हे सगळं पाहत होते. आता बोलावं, असं त्यांच्या मनात आलं. तोंड उघडलंही. पण जे बाहेर आलं ते असं: "जाऊ दे, मुद्दाम का कुणी करतं." आणि लेकीला वाटलं, बाबा जावयाची बाजू घेताहेत. जावयालाही तसंच वाटलं. त्याने त्यांच्याकडे इतक्या उपकृत नजरेने पाहिलं, की मास्तरांना पाणी पिण्याचं निमित्त करून उठावं लागलं.

प्राण्यांच्या डॉक्टर वयाने लहान होत्या, केस घट्ट बांधलेले, हात सतत धुऊन लाल झालेले. त्यांनी बटण्याला स्टीलच्या टेबलावर निजवलं. लेकीने द्राक्षाचं सांगितलं. डॉक्टरांचा चेहरा गंभीर झाला. रक्त घेतलं, सलाईन लावलं, मूत्रपिंडाचा रिपोर्ट संध्याकाळपर्यंत येईल म्हणाल्या. मग पोट दाबून पाहताना बटण्या कण्हला, तशा थांबल्या.

"दुसरं काही गिळलंय का? हाड, चेंडू, आंब्याची कोय?"

"कोय कुठून येणार," लेक म्हणाली. "आमच्याकडे आंबा येतच नाही. बाबांना चालत नाही, म्हणून आम्ही कुणीच खात नाही."

तिने हे सहज सांगितलं. त्यात उपकार नव्हता, फुशारकी नव्हती. मास्तर दाराला टेकून उभे होते. जमीन दुभंगली असती तर ते आनंदाने आत गेले असते. जमीन फरशीची होती आणि फिनेलने पुसलेली होती. ती तशीच राहिली.

आता थांबायचं, रिपोर्टची वाट बघायची. लेक औषधं आणायला खिडकीपाशी गेली. जावई बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मास्तरांना त्याची पाठ दिसत होती. पाठीवरून माणूस ओळखणं हा त्यांचा धंदाच होता. शर्ट खांद्यात हलत होता, म्हणजे माणूस रडत होता.

मास्तर आत गेले आणि दार लोटून घेतलं.

"डॉक्टर, एक सांगायचं होतं. रस्त्यावर कोय पडली होती. मला वाटतं, याने उचलली असेल."

डॉक्टरांनी वर पाहिलं. "तुम्ही पाहिलंत?"

"हो. म्हणजे, लांबून."

"केवढी होती?"

"बारकी. चोखायच्या आंब्याची. अंगठ्याहून थोडी मोठी. साफ चाटलेली, धागा नव्हता एकही."

बोलून झाल्यावर आपण लांबून पाहिलेल्या कोयीबद्दल किती सांगितलं, हे त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. डॉक्टरांनाही आलं असणार. पण त्यांनी ते बाजूला ठेवलं. कधी, एवढंच विचारलं. तीन दिवस झाले, मास्तर म्हणाले. डॉक्टरांनी कागद खाली ठेवला. तीन दिवस, त्यांनी पुन्हा म्हटलं, आणि दार उघडून लेकीला हाक मारली.

आजोबा म्हणताहेत, रस्त्यावर कोय गिळली, डॉक्टर म्हणाल्या. तसं असेल तर सलाईनने काही होणार नाही, सोनोग्राफी करून कदाचित आजच पोट उघडावं लागेल, आधी कळलं असतं तर बरं झालं असतं. लेक वडलांकडे वळली. रस्त्यावरचं काही हा उचलत नाही, तसं त्याला शिकवलंय. मग पट्टा सोडला होता का, आणि सोडला तर सांगितलं का नाही, तिने विचारलं. मास्तरांच्या जिभेवर उत्तर तयार होतं. पट्टा निसटला. दोनच शब्द. सगळं झाकलं गेलं असतं आणि वरून दिसलंही नसतं. ते म्हणायला लागलेही, पट्टा नि...

तेवढ्यात जावई दारात आला. त्याने कोयीचं तेवढं ऐकलं होतं. डोळे लाल, नाक पुसलेलं. त्याने लहान मुलासारखं विचारलं, "म्हणजे द्राक्ष नव्हतं?"

मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं आणि पट्ट्याची गोष्ट तिथेच टाकली.

"कोय माझी होती," ते म्हणाले. "आंबा मी खाल्ला. टाकीमागे बसून. तू येताना दिसलीस, याच्या तोंडात कोय होती. तुला दिसू नये म्हणून मी याचं तोंड दाबून धरलं. तू याला खाजवत होतीस, तेव्हाच गिळली त्याने."

लेकीने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही, उजव्या हाताकडे पाहिलं. मास्तरांनी तो हात पाठीमागे घेतला, आणि घेतल्यावर त्यांना कळलं, की आपण आताही लपवतोच आहोत. त्यांनी तो पुढे आणून टेबलाच्या कडेवर ठेवला. बटण्याने मान न उचलता जीभ काढून त्यांची बोटं चाटली. ते सहन होण्यासारखं नव्हतं.

डॉक्टरांनी कुठे सही करायची ते दाखवलं.

ऑपरेशन चाललं तेव्हा तिघेही बाहेर बाकावर होते. लेक टोकाला, तोंड खिडकीकडे. मास्तर मनातल्या मनात तिचा पुढचा प्रश्न ऐकत होते: किती वेळा? कधीपासून? तो प्रश्न आला नाही. आला असता तर बरं झालं असतं, रागावलेल्या माणसासमोर मान खाली घालता येते. जावई उठून बाहेर गेला आणि चहाचे पेले घेऊन आला. मास्तरांचा बिनसाखरेचा. तो आठवणीने बिनसाखरेचा सांगून आला होता.

"मला वाटलं, मीच मारलं त्याला," तो बराच वेळाने हळूच म्हणाला. तक्रार नव्हती, सांगणं होतं. "घास उतरत नव्हता."

मास्तर त्याला एरवी थट्टेने जावईबापू म्हणायचे. आता तो शब्द ओठांशी येऊन परत गेला. चहा हातात निवत राहिला. माझ्या आंब्यापायी या माणसाने आंबा सोडला, त्यांच्या मनात आलं, आणि मी त्याच्या गळ्यात द्राक्ष बांधलं. कापड माझ्या हातून बिघडलं आणि शर्ट मी याला घालायला दिला.

बटण्या वाचला. डॉक्टर एका छोट्या स्टीलच्या वाटीत कोय घेऊन बाहेर आल्या. आतड्याचा थोडाच भाग दुखावला होता, आणखी एक दिवस गेला असता तर सांगता आलं नसतं, म्हणाल्या. काही लोकांना आठवण म्हणून हवं असतं, घरी नेणार का, त्यांनी विचारलं. तिघांपैकी कुणीच हात पुढे केला नाही.

काही दिवसांनी त्याला घरी सोडायचं होतं. जावयाला सुट्टी मिळाली नाही, म्हणून मास्तर आणि लेक गेले. बाहेरच्या खोलीत गर्दी होती: मांजराची टोपली मांडीवर घेतलेली बाई, पिंजऱ्यातला पोपट आणि त्याच्याहून जास्त बोलणारा त्याचा मालक. डॉक्टर खाण्यापिण्याचं सांगू लागल्या तेव्हा लेक म्हणाली, "यांना सांगा. दिवसभर हेच असतात त्याच्याजवळ."

डॉक्टरांनी सांगितलं. अजून काही दिवस फळ नाही. नंतर काय, कसं, किती. मग म्हणाल्या, "आता तुम्ही सांगा बघू, आजोबा."

सगळी खोली त्यांच्याकडे बघत होती. पोपटाचा मालकही गप्प झाला. मास्तर पाठ ताठ करून उभे राहिले. सफरचंद बिया आणि मधला भाग काढून, ते म्हणाले. कलिंगड बी न ठेवता, साल न ठेवता. केळं दोन चकत्या. द्राक्ष एकही नाही, मनुका नाही. आंब्याचा... त्यांनी एकदा लेकीकडे पाहिलं. आंब्याचा गर थोडा. साल नाही. कोय नाही.

"आणि चुकून काही गिळलंच तर?"

लेक फरशीकडे बघत होती.

"सांगायचं," मास्तर म्हणाले.

"कधी?"

"लगेच."

डॉक्टरांनी मान हलवली आणि मांजरवाल्या बाईला आत बोलावलं.

गाडीत मास्तर पुढे बसले, बटण्या त्यांच्या मांडीवर, पोटाला पट्टी, टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात प्लास्टिकचा कर्णा. त्याचं वजन घटलं होतं. लेकीने किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली, पण ती निघाली नाही. किती वेळा, कधीपासून, हे तिने अजूनही विचारलं नव्हतं. ती विचारणार नव्हती, हे आता मास्तरांना कळून चुकलं होतं. ती वाट बघत होती, की नव्हती, तेही कळत नव्हतं.

"रोज खात होतो," ते म्हणाले. "सीझन सुरू झाल्यापासून. एक दिवसही चुकवला नाही."

लेकीचे हात स्टिअरिंगवर होते. तिने डोळे मिटले आणि उघडले.

"अजून काही?"

नाही, असं म्हणायला मास्तरांना काहीच लागलं नसतं. समोर काचेतून रस्ता दिसत होता; माणसं, दुचाक्या, पलीकडच्या दुकानाची पाटी. डावीकडची अर्धी पाटी त्यांना दिसत नव्हती.

"डाव्या डोळ्याला धुकं आलंय," ते म्हणाले. "पडद्यामागून बघावं तसं दिसतं. मला वाटलं, चष्मा पुसला की जाईल."

"कधीपासून, बाबा?"

त्यांनी सांगितलं. ती ऐकत राहिली. मग तिने हाताच्या पाठीने गाल पुसला, आरशात मागचा रस्ता पाहिला आणि घराकडे जायचं वळण सोडून गाडी डोळ्यांच्या दवाखान्याकडे काढली.